साखर आधी की गाठ आधी

पुणे,
४ जुलै २००५

प्रति,
कै. भिमाजी गेणभाऊ बोऱ्हाडे यांचे कुटुंबीय,
मु. पो. निरगुडसर, ता. आंबेगाव

स. न. वि. वि.

मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून काम करते. प्रौढ वयात जडणारा मधुमेह आणि कर्करोग यांचा जनुकांच्या पातळीवर काही संबंध आहे का, याचा अभ्यास आमच्याकडे चालू आहे. एप्रिल १९९९ मध्ये कै. भिमाजी बोऱ्हाडे यांच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी गाठीचा एक लहान तुकडा, आपल्या कुटुंबाच्या लेखी संमतीने, अभ्यासासाठी जतन करण्यात आला होता. रुग्ण नोंदणी क्रमांक ४४१७.

त्या संदर्भात थोडी माहिती हवी आहे. मधुमेह पहिल्यांदा केव्हा आढळला? त्याच्या आगेमागे वजन घटले होते का? औषधे कोणती चालू होती? घरात आणखी कोणाला मधुमेह किंवा कर्करोग आहे का? सोबतच्या पाकिटावर तिकीट लावले आहे. उत्तर दिल्यास आभारी होईन.

आपली,
हुदा रहमतुल्ला मणियार

•

निरगुडसर,
१५ जुलै २००५

हुदा मॅडम यांस बयाबाई भिमाजी बोऱ्हाडेचा नमस्कार.

तुमचं पाकीट मंगळवारी आलं. माझा मुलगा आदेश नारायणगावला त्याच्या खता-औषधांच्या दुकानावर गेला व्हता, म्हणून ते माझ्या हातात पडलं. मी सातवी शिकलेय. तुमचा कागद मी तीनदा वाचला.

तुमची कायतरी गडबड झालीय. आमच्या मालकांना क्यान्सर न्हवता. त्यांना साखर व्हती. मंग पित्ताच्या नळीत खडा झाला, कावीळ झाली, पुण्यात आपरेशन केलं, आणि साखरेमुळं जखम भरली न्हाई म्हणून जूनमधी गेले. हे अख्ख्या निरगुडसरला ठाऊक हाये. तुमाला कोणी सांगितलं क्यान्सर?

आणि तुकडा कसला? माझ्या माणसाचा तुकडा तुमी सहा वरसं कुठं ठेवलाय, आणि कोणाला विचारून? लेखी संमती लिहिलंय. मी कुठंबी सही केलेली न्हाई, आंगठाबी दिलेला न्हाई. गावात लोकं सांगत्यात, पुण्या-मुंबईला आपरेशनच्या नावाखाली किडन्या काढून विकत्यात. मी आजवर हसत व्हते. आता हसू येत न्हाई.

एक गोष्ट खरी लिहा. ज्यांना तुमी म्हणता ते भिमाजी माझेच हायेत का दुसरे कोणी?

उत्तर घरी पाठवू नका. पोस्टमास्तरला मी सांगून ठेवलंय, पोस्टात येऊन मी घेऊन जाईन. आदेशला यातलं कायबी सांगितलेलं न्हाई. तो तुमच्या पाकिटासारखं पाकीट बघितलं की फाडून टाकतो, हे मला याच वेळी ध्यानात आलं. दोन वरसांमागं असंच एक आलं व्हतं.

बयाबाई बोऱ्हाडे

•

पुणे,
२७ जुलै २००५

आदरणीय बयाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे. आमच्या नोंदींमध्ये नावांच्या सारखेपणामुळे चूक झालेली असू शकते. कृपया माझे ४ जुलैचे पत्र रद्द समजावे व फाडून टाकावे. आपल्याला पुन्हा त्रास दिला जाणार नाही.

कळावे,
हुदा मणियार

•

निरगुडसर,
१० ऑगस्ट २००५

हुदा मॅडम यांस,

'चूक झालेली असू शकते' असं तुमी लिहिता. झाली का न्हाई झाली, ते लिहित न्हाई. टमाट्याच्या क्रेटात वर चांगला माल लावून खाली नासका भरणारा मानूस असंच बोलतो.

म्हणून मी आधी तुमचाच तपास केला. मणियार म्हणजे बांगड्यावाले, आणि बांगड्यावाले मणियार जुन्नरला हायेत. रविवारी बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि नारायणगावातनं जीपमधी बसून गेले. तिसऱ्या दुकानात तुमचे वडील भेटले. मी बांगड्या बघायच्या निमतानं बसले. विधवा बाई बांगड्या बघती म्हणून त्यांनी काय विचारलं न्हाई, सुनेसाठी का म्हणाले, आणि हिरव्या काचेच्या काढल्या.

मी म्हणलं, "हुदा तुमची कोण?"

"पोरगी माझी. का? काय केलं तिनं?"

"ती खोटं लिहिती का?"

त्यांनी एक डझन बांगड्या मोजून परत दोऱ्यात ओवल्या. मंग म्हणाले, "लहानपणी न्हवती लिहित, बाई. आता मोठ्या लोकांत ऱ्हाती, सांगता येत नाय."

मला तो मानूस बरा वाटला. तुमच्याबद्दल मला अजून कळत न्हाई.

घरी आले आणि आदेशच्या कपाटातली मालकांची दवाखान्याची पिशवी काढली. कार्डावर नंबर ४४१७ हाये. नाव सारखं असतं मॅडम, नंबर सारखा कसा असंल? आणि दवाखान्याच्या कागदांवर कोपऱ्यात आकडे हायेत. एक, दोन, पाच, सहा. तीन आणि चार न्हाईत. ज्यानं ते काढले, त्याला वाटलं आई आकडे बघणार न्हाई.

मला हे कशापाई पाहिजे ते सांगते, म्हणजे तुमाला वाटायला नको की म्हातारी रिकामी हाये.

मालक आपरेशननंतर घरी आले ते मे महिन्याचे दिवस. जेवण उतरत न्हवतं. एक दिवस म्हणाले, आमरस दे. मी म्हणलं साखर हाये. ते म्हणाले, "बये, दोन घास दे." मी वाटीभर दिला. पुढं आठ दिवस रोज दिला. ते तेवढंच खात व्हते. जूनमधी गेले. दहाव्याला भीमा-घोड नदीच्या कडंची सगळी भावकी गोळा झालेली, तिथं माझे धाकटे दीर, जानकू भाऊजी, उभे ऱ्हाऊन म्हणाले, "दादा आजारानं गेला नाय. वैनीनं त्याला गोड घालून घालून मारला."

कोणी काय बोललं न्हाई. माझा आदेश तिथंच व्हता. त्यानं खाली बघितलं.

तवापासून सहा वरसं भाऊजींच्या घरात माझ्या घरचं अन्न कोणी तोंडात घेत न्हाई. मीबी मनात तेच धरलंय. मीच मारलं. रोज उठते तवा आधी ती वाटी आठवती.

आणि तुमी एका कागदात सांगता क्यान्सर व्हता, दुसऱ्या कागदात सांगता फाडून टाका. मधले पंधरा दिवस मी पहिल्यांदा पोटभर जेवले व्हते मॅडम. ते तुमी काढून घेतलं.

आता सरळ सांगा.

बयाबाई

•

पुणे,
२२ ऑगस्ट २००५

आदरणीय बयाबाई मावशींना हुदाचा सलाम आणि नमस्कार.

मावशी, चूक झालेली नव्हती. ते भिमाजी तुमचेच होते. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि नोंद बरोबर आहे.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते आमच्या मॅडमना दाखवलं. घरच्यांना आजार माहीत नसताना आपल्या पत्रातून तो कळला, तर संस्थेवर तक्रार होईल, असं त्या म्हणाल्या. नोंदीत चूक म्हणून लिहून टाक, विषय संपव. मला वाटलं, तुम्हालाही तेच सोपं जाईल. तुमच्या दुःखाचा अंदाज मी परस्पर बांधला आणि तो उलटा निघाला. अब्बांनी फोनवर विचारलं, "निरगुडसरच्या बाईंना तू काय लिहिलंस?" हे पत्र मी मॅडमना न दाखवता लिहिते आहे.

आता तुमचा प्रश्न. आमरसानं गाठ होत नाही. ऑपरेशन झालं तेव्हाच गाठ पसरलेली होती. डॉक्टरांनी पित्ताला वाट करून दिली आणि टाके घातले, गाठ काढता आली नाही. ते कोणाच्याही हातचं काहीही न खाता गेले असते. दोन घास गेले असतील ते तुमच्यामुळेच.

आमचा अभ्यास काय आहे तेही सांगते, कारण तुम्हाला संशय आहे की आम्ही तुकड्याचं काय करतो. शरीराच्या प्रत्येक कणात जनुकं असतात. शरीर कसं चालायचं ते त्यांत ठरलेलं असतं. पण सगळी जनुकं एकदम कामावर नसतात. तुमच्याकडे नदीकाठाला ओळीनं पाण्याच्या मोटारी असतात. बांधावर उभं राहिलं की आवाजावरून कळतं कोणती चालू, कोणती बंद. आम्ही तेच ऐकतो. मधुमेह झालेल्यांत कोणती जनुकं चालू पडली, गाठीत कोणती, आणि दोन्हीकडे सारखी कोणती. काही सारखी सापडतात. पण एकामुळे दुसरं होतं, की तिसऱ्याच कशामुळे दोन्ही, हे अजून कोणाला नीट माहीत नाही. तो तुकडा विकलेला नाही. बर्फाहूनही थंड पेटीत आहे, नखाएवढा.

माझे प्रश्न त्यासाठीच होते. काही माणसांत वर्षानुवर्षं मधुमेह असतो आणि पुढं कधी गाठ होते. काहींत उलटं घडतं. लपलेली गाठच साखर वाढवते. पन्नाशीनंतर अचानक साखर येते, माणूस झपाट्यानं वाळतो, आणि काही महिन्यांनी गाठ दिसते. भिमाजींचं कसं झालं, हे तुम्हीच सांगू शकता. एका माणसाबद्दल छातीठोक बोलता येत नाही, पण साखर हे कारण नसून ती आतल्या दुखण्याची खूण असू शकते.

संमतीच्या कागदावर सही आहे. ती तुमच्या घरातल्या माणसाची आहे. नाव मी लिहीत नाही. मला माफ करा.

तुमची,
हुदा

•

नारायणगाव,
१९ सप्टेंबर २००५

हुदा मणियार यांस,

मी आदेश भिमाजी बोऱ्हाडे. तुमची तिन्ही पत्रं मी आईच्या उशाखाली पाहिली. तुम्ही आमच्या घरात जे केलं आहे त्याबद्दल तुमच्या संस्थेकडे लेखी तक्रार करणार आहे. मेलेल्या माणसाच्या घरी त्याचा आजार पत्रानं कळवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? यातून तुम्हाला काय मिळतं, बढती की परदेशवारी? आमच्या वडिलांच्या तुकड्यावर कोणाचं तरी नाव मोठं होणार, एवढं मला कळतं.

सही माझीच आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तीन महिने. वर कागद पुढं केला. मी तेवीस वर्षांचा होतो. माझी बहीण श्रेया हिला घोडेगावचं स्थळ सांगून आलेलं, बघायला यायची तारीख ठरलेली. आमच्याकडे क्यान्सर म्हटलं की लोक उंबऱ्यावरून मागं फिरतात, घराण्यात आहे म्हणतात. म्हणून मी खड्याचं आणि साखरेचं सांगितलं. मी आणि डॉक्टर सोडून कोणालाच माहीत नव्हतं. लग्न झाल्यावर सांगू म्हटलं. मग तिला मूल होऊ दे म्हटलं. मग सांगायची वेळ निघून गेली.

दहाव्याला जानकू तात्या बोलले तेव्हा मी बोलायला हवं होतं, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आई बारा दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि उठून जाते. हे तुमचं काम. यापुढं एकही पत्र पाठवू नका.

आदेश बोऱ्हाडे

•

निरगुडसर,
६ ऑक्टोबर २००५

चि. हुदा हिस बयाबाईचे आशीर्वाद.

तू नाव लिहिलं न्हाईस, पण दवाखान्यात सही करणारं दुसरं व्हतं कोण?

आदेशनं तुला लिहिलंय म्हणे. त्याचं मनावर घेऊ नकोस. मी त्याला विचारलं ते एकदाच. तो जेवायला बसला व्हता. मी म्हणलं, "तीन नंबरचा आणि चार नंबरचा कागद कुठाय?" घास तसाच हातात. म्हणाला, "जाळले." मी म्हणलं, "आणि मला जळताना बघत बसलास सहा वरसं?" तो रडला. मी उठून गोठ्यात गेले. त्याच्या डोळ्याला पाणी आलं की माझं काळीज हालायचं, त्या दिवशी हाललं न्हाई. हे मी तुला सांगते, गावात कोणाला सांगता येत न्हाई.

आता तुझ्या प्रश्नांचं. साखर अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात कळली. त्याच्या आधी तीन-चार महिन्यांत मालक निम्मे झाले व्हते. शर्ट खुंटीला टांगल्यागत दिसायचा. पाठीत दुखतं म्हणायचे, आमी म्हणायचो पाण्याच्या पाळीला जागून आखडली आसंल. आधी कधी साखर न्हवती. कावीळ झाली ती पुढच्या मार्चमधी. तुझ्या लिहिण्यापरमाणं गाठ आधी, साखर मागनं, असंच झालं असावं. तू छातीठोक सांगत न्हाईस, मीबी धरून बसत न्हाई. पर वाटीचं आता रोज आठवत न्हाई.

पण खरं लिहायचं ते निराळंच हाये. जानकू भाऊजींना गेल्या दिवाळीपासनं साखर हाये. एकसष्ट वय. कधी न्हवती ती एकदम आली. आणि पोळ्याला मी त्यांना बघितलं, बैलामागं चालताना, तर धोतर कमरेला ठरत न्हवतं. तुझं पत्र माझ्या कमरेला व्हतं, पिशवीत. त्यात लिहिलेली खूण ती हीच.

मी कोणाला कायबी बोलले न्हाई. चार दिवस. मनात आलं, मला काय करायचंय? ज्यानं भावकीत मला मारेकरी केलं, त्याचं त्यानं बघावं. त्याची बायको, अंजना, हौसेनं त्याला गुळाची दशमी करून घालती. उद्या काय झालं, तर दहाव्याला उभं ऱ्हायची पाळी माझी. असंबी मनात आलं हुदा. मी चांगली बाई हाये असं समजू नकोस.

पाचव्या दिवशी गेले. सहा वरसांनी त्यांच्या वट्यावर पाय ठेवला. अंजनानं पाणी दिलं, भाऊजी आत बसून ऱ्हायले. मी उंबऱ्यातनंच म्हणलं, पुण्याला जाऊन पोटाचा फोटो काढा, मालकांचं असंच सुरू झालं व्हतं, त्यांना खडा न्हवता, गाठ व्हती.

ते आतनं म्हणाले, "वा वैनी. सहा वरसांनी गाठ सापडली का? आता मलाबी गाठ काढली की तुझं अंग धुतलं जाईल. कोणी शिकवलं हे?"

"दवाखान्याच्या लोकांचा कागद हाये."

"कागद कोणीबी लिहितो."

मी निघून आले. ते माझं ऐकणार न्हाईत. मी खरं बोलते तरी ते माझ्याच फायद्याचं दिसतं, मंग दुसऱ्याला संशय येणारच. तू सांग काय करू. आणि खरं सांग, त्यांना गाठ असंल का?

बयाबाई

•

पुणे,
११ ऑक्टोबर २००५

प्रिय मावशी,

असेल की नाही, हे मला इथून सांगता येत नाही आणि तुम्हालाही धोतरावरून सांगता येणार नाही. साखर झालेल्या बहुतेक माणसांना नुसती साखरच असते. औषध नीट घेतलं नाही तरी माणूस वाळतो. त्यांना भीती घालू नका. पण वय, अचानक आलेली साखर आणि घटलेलं वजन, तिन्ही एकत्र असताना तपासणी न करणं बरं नाही. आमची प्रयोगशाळा ती करत नाही. आमचं काम पेटीतल्या तुकड्यांवर, जित्या माणसावर नाही. मोठ्या दवाखान्यात पोटाचा स्कॅन होतो. मी वेळ घेऊन ठेवते. तुम्ही आलात तर शिवाजीनगर स्टँडवर मी उभी असेन.

ते तुमचं ऐकणार नाहीत हे बरोबर. ज्यानं कागद जाळले त्याचं ऐकतील. त्याला यात स्वतःचा काही फायदा नाही, उलट नुकसान आहे.

आदेशभाऊंनी मला लिहू नका म्हटलं आहे. म्हणून हे पत्र त्यांना वाचायला द्या.

हुदा

•

नारायणगाव,
२ नोव्हेंबर २००५

हुदाताई यांस नमस्कार.

तुमचं पत्र आईनं दुकानात आणून माझ्यापुढं ठेवलं. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत वाचलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तात्यांकडे गेलो. अंजनाकाकू, त्यांचा मुलगा सूरज, शेजारचे दोघं बसलेले. बसायला सांगितलं तर मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. सांगितलं, बाबांना क्यान्सर होता, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी लपवलं, दहाव्याला तुम्ही बोललात तेव्हाही मला माहीत होतं. तात्यांनी विचारलं, "वैनीला?" मी म्हटलं, "आईला आत्ता कळलं."

तात्या उठले, पायात वहाणा घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं मारायला काठी आणतात. ते सरळ शेताकडे गेले. संध्याकाळी सूरज निरोप घेऊन आला: पुण्याची गाडी कधी आहे विचारतात.

आईनंही यावं असं त्यांचं म्हणणं आहे. कशासाठी ते बोलले नाहीत. बुधवारी, नऊ तारखेला येतो. तक्रार मी केलेली नाही.

आदेश

•

निरगुडसर,
८ जानेवारी २००६

चि. हुदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण आणि भाऊजींच्या सुया, सगळं एकदम आलं.

भाऊजींना गाठ न्हाई निघाली हे तू तिथंच ऐकलंस. नुसती साखर, तीही गोळ्या सोडून कसल्या तरी झाडपाल्याचा रस पीत बसले म्हणून चारशेला गेलेली. आता सूरज सुई टोचतो. अंग धरलंय, ताठ चालत्यात. गावात सांगत्यात, "वैनीनं उगाच घाबरवलं." मी ऐकून घेते. उगाच निघालं तेच बरं.

पण तू रिपोर्ट आणायला गेली व्हतीस तवाचं तुला ठाऊक न्हाई. आमी दोघं बाकावर बसलेलो. भाऊजी भिंतीकडं बघत म्हणाले, "वैनी, आता गाठ निघाली, तर अंजनानं मारला म्हणायचं का मला?"

मी म्हणलं, "म्हणतील लोकं."

"म्हणू देऊ नको," ते म्हणाले. एवढंच. माफी मागितली न्हाई, मागणारबी न्हाईत. मीबी मागायला सांगितलं न्हाई.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पुण्याहून आल्यावर मी आदेशला म्हणलं, श्रेयाला सांगायचं. तिच्या बापाला काय झालं ते तिला ठाऊक पाहिजे, उद्या तिला कधी साखर आली तर तिनं वेळेत बघावं. आदेश हातापाया पडला. आई, तिच्या सासरी काय म्हणतील, सहा वरसं टिकवलेलं मोडू नको. माझ्या मनातबी धाकधूक व्हतीच. जावई बरे हायेत, पण सासऱ्याचा मला भरवसा वाटत न्हवता. लई गोड बोलतो तो मानूस.

तरी गेले. मागच्या सोमवारी घोडेगावच्या यष्टीत बसले. श्रेया भाजी निवडत व्हती. सासरे पडवीत पेपर वाचत. मी म्हणलं त्यांच्यादेखतच सांगावं, मागनं कळायला नको. सांगितलं. तुझ्या वडलांना साखर न्हवती मारून गेली, क्यान्सर व्हता.

श्रेया म्हणाली, "आई, हे तू मला आज का सांगतीस?"

"तुला ठाऊक पाहिजे म्हणून."

तिच्या हातातनं मेथीची जुडी सुटली. तेवढ्यात सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बयाबाई, ते आमाला ठाऊक हाये. पोरीनं बघायला आलो तवाच सांगितलं व्हतं."

हुदा, दवाखान्यात बापाच्या खाटेला कागद टांगलेला असायचा. पोरगी बारावी सायन्सची. डबा घेऊन गेली तवा तिनं वाचला. बघायच्या दिवशी चहा घेऊन आली आणि सगळ्यांचं बोलणं चाललेलं असताना सासऱ्याला हळूच म्हणाली, माझ्या वडलांना क्यान्सर हाये, नंतर कळून मोडायचं असंल तर आत्ताच मोडा. तो मानूस म्हणाला, माझी आईबी त्यानंच गेली. लग्न ठरलं. ज्याच्यासाठी आदेशनं कागद जाळले, ते आठ दिवसांतच उघडं पडलेलं, आणि कोणाचं कायबी बिघडलेलं न्हवतं.

मी तिला म्हणलं, "मंग दहाव्याला बोलली का न्हाईस?"

तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "मी आत बसले व्हते, मला सगळं ऐकू आलं. मला वाटलं तुला ठाऊक हाये. तू गप उभी ऱ्हायलीस. मला वाटलं माझ्या लग्नासाठी तू ते अंगावर घेतेस. मी तोंड उघडलं तर तुझं सगळं वाया जाईल. सहा वरसं मी तुला मनात रोज नमस्कार करते आई. विषय काढायचं धाडस झालं न्हाई."

सासरे उठून मागच्या दारी गेले.

आमी तिघं एका घरात व्हतो. लेकाला वाटलं कोणालाच ठाऊक न्हाई. लेकीला वाटलं सगळ्यांना ठाऊक हाये. आणि मला जे ठाऊक व्हतं ते खोटं व्हतं.

श्रेया माझा हात धरून बसली व्हती. एक घटका मनात आलं, काय हरकत हाये? ऱ्हाऊ दे तिच्या मनात. आईनं माझ्यासाठी सोसलं, असं समजून ती सुखात हाये. हो म्हणलं तर मलाबी मोठेपणा. 'हां पोरी' एवढंच म्हणायचं व्हतं. तोंडाशी आलेलं.

मी म्हणलं, "न्हाई श्रेया. मला ठाऊक न्हवतं. ठाऊक असतं तर मी तिथंच भांडले असते. तुझ्या लग्नाची पर्वा केली नसती. जो मोठेपणा मी केला न्हाई, तो मी कसा घेऊ?"

तिनं हात काढून घेतला. मंग सांडलेली मेथी गोळा केली, निम्मी माझ्यापुढं सरकवली, आणि आमी दोघी निवडत बसलो. निघताना तिनं स्टँडपर्यंत यायचं म्हणलं. वाटेत विचारलं, "आई, खरंच भांडली असतीस?" मी म्हणलं, "भांडले असते." तर ती हसली, डोळं पुसत.

तुमच्या अभ्यासाला तिचं रक्त तपासायला हवं असंल तर तिलाच लिही, माझ्यामार्फत नको. पत्ता खाली दिलाय. ती हो म्हणंल का न्हाई, ते तिचं ती ठरवंल.

आदेशशी मी आता बोलते. जेवलास का, दुकान उघडलंस का, एवढं. अजून पुढचं येत न्हाई. येईल तवा येईल.

बयाबाई